काढा म्हणलं म्हणून काढला

लगीनसराई तोंडावर आली आन् आमच्या मालकाला एका जागी बसवंना. दारातून अंगणात, अंगणातून पुन्हा दारात. मधीच क्लॅरनेट उचलायचं, तोंडाशी न्यायचं, आन् चटका बसल्यागत खाली ठेवायचं. मी म्हणलं, "आवं, पायाला भिंगरी बांधली का? बसा की जरा." तर म्हणले, "बसून काय करू?" आता ह्याला काय बोलावं! बसून माणूस काय करतो? बसतो. पण त्यांचं बघून मलाबी थारा लागंना. भाकरी तव्यावर टाकायची, दाराकडं बघायचं, आन् इकडं भाकरी करपायची.

मालक म्हणजे माझा नवरा, देविदास. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात, मालकी कशाची का असंना. ह्यांची मालकी एका काळ्या नळीची. उदगीरला स्टेशनाच्या अंगाला आमची मातंग समाजाची वस्ती हाय, तिथला नवजीवन ब्रास बँड ह्यांचा आन् माझ्या दिराचा, अंगदचा. चाकूर, देगलूर, पार धर्माबादपर्यंत ह्यांना 'क्लॅरनेटवाला देवा' म्हणून ओळखतात. आता जिकडं बघावं तिकडं डीजे झाला, छाती फुटंस्तवर वाजवतात. तरीबी नवरीला वाटं लावायची वेळ आली, तिला निरोप द्यायची वेळ आली, की लोकाला देवाच आठवतो. सासऱ्यांनी सनईवर बसवलेली एक धून हाय, ती मालकांनी क्लॅरनेटवर घेतली. खालून हळूहळू चढती आन् खाली उतरायच्या आधी अशी वर जाऊन थांबती, की पाषाण काळजाचा बापबी उपरण्यात तोंड खुपसतो. मी लई रडलेली माणसं बघितलीत त्या जागेला.

क्लॅरनेट फुंकायला नुसता दम पुरत न्हाई, दात लागतात. नळीच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असती, खालचा ओठ तिच्याखाली घ्यायचा आन् वरचे पुढचे दोन दात नळीच्या तोंडावर टेकवायचे. दात हालला की सूर हालला. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आन् खायचे वेगळे म्हणतात. आमच्या मालकाचे तिसरेच, वाजवायचे. म्हणून त्यांनी जन्मात गुटखा खाल्ला न्हाई, तंबाखूला बोट लावलं न्हाई. सगळा बँड पुड्या फोडायचा आन् हे कडेला बसून लिंबाची काडी चावायचे. पोरं चेष्टा करायची, हेबी त्यांच्यात मिळून हसायचे. हसायला तर लई पुढं! सासरे ओरडायचे, "देव्या, लोकाच्या दारात दात काढू नको. लोकाला वाटतंय त्यांनाच हसून राहिला." तरी बत्तिशी काय झाकली जात न्हवती. मला बघायला आले तेव्हा मीबी आधी दातच बघितले होते. काळंभोर माणूस आन् दात असे पांढरे, की मी पोह्याची बशी त्यांच्याऐवजी त्यांच्या मामापुढं धरली.

गेल्या हंगामात चाकूरला वरात होती. नवरदेवाचा एक दोस्त झिंगून उलटा नाचत मागं आला आन् धडकला तो थेट क्लॅरनेटवर. नळी दातावर आदळली, ओठ फाटला. तो बाबा काय म्हणला? "वाजव रे, थांबला कशाला?" ह्यांनी रगत गिळलं आन् वाजवलं. दात पडला न्हाई तेव्हा. पण हळूहळू काळपट पडत गेला, मग वरची हिरडी फुगली, आन् ठणका सुरू झाला. लवंग दाबली, मिठाच्या गुळण्या केल्या, माझ्या आईच्या सांगण्यावरून पेरूचा पाला उकळला. ठणका काय हटंना.

अशातच विरूपाक्ष अप्पांची सुपारी आली. सुपारी म्हणजे बँडचं ठरवणं. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत हाय. लिंगायत माणूस, कपाळाला विभूती, घरात कानडी बोलणार, दुकानात मराठी, आन् शिव्या द्यायच्या झाल्या तर उर्दू. माणूस वाईट न्हाई, हे आधीच सांगते. दिवाळीच्या पाडव्याला मालक पहिलं त्यांच्या दुकानापुढं वाजवतात, असं वर्षानुवर्षं चालत आलं. त्यांची लेक अक्षरा, फ्रॉकात होती तेव्हापासून दुकानाच्या कट्ट्यावर उभी राहून ऐकायची. "देवामामा, ती रडायची धून वाजवा," म्हणायची. अप्पा खेकसायचे, "सणासुदीचं रडायचं काय वाजवायला लावती गं?" पण पोरगी ऐकायची न्हाई आन् मालक तिच्यासाठी वाजवायचे. आता तिचंच लग्न ठरलं होतं.

अप्पांनी ह्यांचा सुजलेला ओठ बघितला आन् म्हणले, "अरे देवा, हे तर माझंच झालं होतं! दुकानाचं शटर लागलं होतं मला. हाच दात, असाच काळा. शिवकुमार डॉक्टरकडं गेलो. त्यानं आधी बोटाएवढा बारका फोटू काढला दाताचा. मग मुळातली घाण साफ केली, वर टोपी बसवली. रूट कॅनल म्हणतात त्याला. बघ, ओळख कोणता ते." आन् अप्पांनी ओठ वर करून दात दाखवले. मालकांनी वाकून बघितलं, खरंच ओळखू येईना. अप्पा खूश झाले. "दात काढायचा नसतोय रे, ठेवायचा असतोय. जा त्याच्याकडं. लग्नात मला तुझी धून पाहिजे, कॅसिओ-फिसिओची बटणं न्हाई."

मालक घरी आले ते हसतच. "फोटू काढतात म्हणं आधी, मग दात वाचतोय." मी बचत गटातून पैसे उचलले, पदराला बांधले, आन् आम्ही दोघं गेलो.

दवाखाना चकाचक. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या बाईचं भलंमोठं चित्र. काउंटरवरच्या बाईनं नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग कुठं राहता ते विचारलं. स्टेशनाकडची वस्ती म्हणल्यावर तिनं "हं" केलं आन् पुढं काही विचारलं न्हाई. आमच्या आधी एक मास्तरीण होती, तिच्यासंगं तिचा नवरा आत गेला, सासूबी गेली. आमची पाळी आली तर बाई मला म्हणली, "आत एकच जण. गर्दी नको." मी बाकड्यावर बसले. आत काय झालं ते मालकांनी मला नंतर सांगितलं, आन् इतक्यांदा सांगितलं की आता मला वाटतंय मीच त्या खुर्चीत बसले होते.

डॉक्टर तरणा, ह्यांच्यापेक्षा लई लहान. म्हणला, "बस. गुटखा किती खातोस?"

"खात न्हाई, साहेब."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणला आन् तोंडात आरसा घातला. दातावर टकटक केलं, हे कळवळले. हिरडीपाशी कापूस कोंबला. मग पाठ फिरवून हातमोजे बदलता बदलता त्यानं विचारलं, "काढायचा ना?"

बस्स, एवढंच. आता मालकाच्या डोक्यात काय होतं? अप्पांचा फोटू. आधी बारका फोटू काढतात, मग दात ठेवतात. डॉक्टर फोटूचंच विचारतोय असं ह्यांनी धरलं. तोंडात कापूस असून मान हलवून हलवून म्हणले, "काढा, साहेब, काढा." आपल्या बोलण्याचं बी बघा की, फोटू बी काढायचा आन् दात बी काढायचा. काय काढायचा ते दोघांतलं कुणीच बोललं न्हाई. ह्यांना बोलायला तोंड मोकळं न्हवतं, आन् त्याला गरज वाटली न्हाई.

सुई टोचली तेव्हाबी ह्यांना वाटलं, ठणका बसावा म्हणून दिली, फोटू काढताना हलायला नको म्हणून. ओठ बधिर झाला. डॉक्टरनं चिमटा घातला, जरा डुलवलं, आन् झालं काम. हात हलका होता म्हणं, बिलकुल दुखलं न्हाई. मालकांनी चूळ भरली, जीभ वर गेली, तर तिथं भगदाड. बाजूच्या ताटलीत दात. आन् तरीबी त्या भोळ्या माणसानं काय विचारावं?

"साहेब, फोटू?"

"कसला फोटो? झालं तुझं, जा. कापूस घट्ट धरून ठेव."

काचेचं दार उघडून मालक बाहेर आले. मी उठले, म्हणलं, "चांगला आला का फोटू?" त्यांनी माझ्यापुढं मूठ उघडली. दात होता. डॉक्टरकडून मागून घेतला होता. कीड न्हाई, काही न्हाई, नुसता जरा काळपट. मला पहिल्यांदा समजलंच न्हाई ते काय हाय. मग समजलं आन् मी त्यांची मूठ मिटवून टाकली.

लेकराचा दात पडला की आम्ही पत्र्यावर फेकतो, नवा येतो म्हणून. मालकांनी तो दात क्लॅरनेटच्या पेटीत ठेवला, पत्त्या ठेवायच्या डबीत. मी म्हणलं, "टाका की तो." न्हाई टाकला. आन् तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "मीच काढा म्हणलं, बबिता. त्यानं इचारलं होतं. मीच म्हणलं." जेवताना तेच, अंघोळीला पाणी घेताना तेच. अंगणात चकरा मारून राहिले आन् तेच तोंडातल्या तोंडात. हसणं तर गेलंच. कुणी बोलायला आलं की उपरणं तोंडावर. मला त्या डॉक्टरपेक्षा ह्या पालुपदाचा राग यायला लागला. आपलाच दात गेला आन् आपणच गुन्हेगार!

मी दवाखान्यात गेले, एकटीच. मालक नको नको म्हणत होते. काउंटरवरची बाई म्हणली, "नंबर लावा." मी म्हणलं, "नंबर दात असणाऱ्यांनी लावायचा," आन् शिरले आत. डॉक्टर एकटाच होता, फोनवर काहीतरी बघत.

"चार दिवसांमागं माझ्या मालकाचा दात काढला तुम्ही. का काढला?"

त्यानं जरा आठवलं. "पुढचा, वरचा? अहो, त्यांनीच काढा म्हटलं."

"ते फोटू काढा म्हणले."

डॉक्टरनं फोन खाली ठेवला. त्याला ते पटलं, माझं काही खोटं न्हाई हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी म्हणलं, "आडतवाल्या विरूपाक्ष अप्पांचा हाच दात, असाच काळा झालेला. त्यांचा फोटू काढला, दात ठेवला. ह्यांचा का न्हाई ठेवला?"

"हे बघा बाई, रागावू नका," तो म्हणला. वाईट बोलला न्हाई, समजावून सांगितल्यागत बोलला. "दात वाचवायचा तर तीन-चार वेळा यावं लागतं. तुमच्यातले लोक एकदा येतात. ठणका थांबला की परत फिरकत नाहीत. अर्धवट राहिलं की आणखी चिघळतं. म्हणून मी सरळ काढून देतो. तुमच्याच सोयीचं असतं ते."

"तुमच्यातले म्हणजे कुठले?"

त्याची दातखिळी बसली. टेबलावरचा पेन इकडचा तिकडं केला. मग म्हणला, "म्हणजे... लांबून येणारे, मजुरीवाले."

"आम्ही हितलेच, स्टेशनाकडचे. अप्पा आमच्यापेक्षा लांबून येतात. त्यांना विचारलं होतं का, परत येताल का म्हणून? साहेब, माझा मालक बँडवाला हाय. मुहूर्ताला नवरदेवाला उशीर होतो, भटजीला होतो, बँडवाल्याला होत न्हाई. बोलावलं आन् देवा आला न्हाई असं एकदा तरी झालं का, विचारा साऱ्या उदगीरला. तुम्ही एकदा 'ये' म्हणून तर बघायचं होतं!"

"बँडमध्ये असतात ते?" डॉक्टर म्हणला. "काय वाजवतात?"

"क्लॅरनेट."

आता त्याला उमजलं. त्याचा हात आपसूक स्वतःच्या वरच्या ओठाकडं गेला. "मला काय माहीत," तो म्हणला. "ते काही बोलले नाहीत."

"तुम्ही त्यांच्या तोंडात बघितलं, साहेब. तोंडाकडं बघितलंच न्हाई."

एवढं म्हणले आन् मला रडू कोसळलं. त्याच्यापुढं रडायचं न्हवतं मला. त्याचाच राग आला जास्त.

डॉक्टर नंतर नीट वागला, खोटं का बोलू? बोलावून घेतलं, ह्यांना "अहो-जाहो" केलं, काढता-घालता येणारा एक दात बसवून दिला. पक्का बसवायचा तर जखम भरून हाड धरंस्तवर थांबावं लागतंय म्हणला, म्हणजे लगीनसराई गेली. घरी येऊन मालकांनी क्लॅरनेट जुळवलं. अंगद समोर बसला, मी दारात. पहिलीच फुंक मारली, तर दात नळीसंगं बाहेर येऊन अंगदच्या मांडीवर पडला. अंगदला फिसकन हसू आलं. आन् मग भावाचं तोंड बघून त्यानं मान खाली घातली.

दात आहेत तर चणे न्हाईत, चणे आहेत तर दात न्हाईत, अशातली गत. एवढी मोठी सुपारी हातात, आन् वाजवायला दात न्हाई.

मग मालकांनी वरचा ओठच आत दुमडून नळीवर धरायचं ठरवलं. खालचे सूर निघायचे, जरा घोगरे पण निघायचे. वर चढलं की भगदाडातून वारं सुटायचं, फुस्स. पुन्हा खालून सुरू, पुन्हा फुस्स. ओठ आतून सोलून निघाला, पत्तीला रगत लागायला लागलं. मी पत्ती धुऊन द्यायची आन् म्हणायची, "बास करा आता." ऐकतील तर शप्पथ. वस्तीतली माणसं आधी चौकशा करायची, मग त्यांनीबी विचारायचं सोडलं. दिवसभर आमच्या अंगणातून ते फुस्स ऐकू यायचं.

मी म्हणलं, अप्पांना सांगून टाकू. तर म्हणले, "लग्नाच्या घरी आपलं रडगाणं कशाला? त्यांनी दुसरा बँड बघितला मग?" अंगदनं युक्ती काढली. "दादा, मी कॅसिओवर क्लॅरनेटचा आवाज लावतो. तू नुसतं तोंडाशी धर आन् बोटं हलव. कुणाच्या बापाला कळत न्हाई." मालकांनी त्याच्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता भावाला मारतात. पण मारलं न्हाई. "बघू," म्हणले आन् पुन्हा चकरा सुरू.

लग्नाच्या दिवशी अक्षरानं मलाबी बोलावलं होतं, न्हाईतर बँडवाल्याची बायको कुठं जाती लग्नाला? मांडवाच्या कडेला बायकांत बसले, पण लक्ष सगळं बँडकडं. सकाळची वरात अंगदच्या युक्तीवर निघाली. कॅसिओ वाजत होता, मालक क्लॅरनेट तोंडाला लावून बोटं हलवत होते. लाल कोट, डोक्याला तुरा, आन् सूर दुसऱ्याचाच. कुणाला काही कळलं न्हाई. नाचणारे नाचले. एकानं तर ह्यांच्या खिशाला नोट अडकवली. त्यांचे डोळे बघून मला मांडवातून पळून जावं वाटलं. मग फोटोवाला आला. बँडला ओळीत उभं केलं, म्हणला, "ए बँडवाले, जरा दात काढा की! सुतकात आलात काय?" सगळ्यांनी दात काढले. मालकांनी न्हाई काढले.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, आन् वाटं लावायची वेळ आली. गाडी फुलांनी सजवून दारात लावलेली. अक्षरा आईच्या गळ्यात पडून रडत होती. अंगदनं कॅसिओवर बोट ठेवलं, धून सुरू झाली. मालकांनी नळी तोंडाला लावली.

अक्षरानं मान वर केली. ऐकलं जरासं. मग रडतारडताच म्हणली, "हे कॅसिओ हाय. बंद करा ते. देवामामा, तुम्ही वाजवा."

अंगदचं बोट तिथंच थांबलं. सगळी माणसं ह्यांच्याकडं बघायला लागली. अप्पा हातातला पेढ्याचा पुडा सावरत म्हणले, "वाजव की रे देवा. पोरगी म्हणती ना."

मालकांनी डोळे मिटले. वरचा ओठ आत घेतला. आन् वाजवलं, खरं वाजवलं. खालचे सूर आले, घोगरे, पण आले. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी मुठी आवळून बसले होते. धून चढत गेली, चढत गेली, आन् त्या वरच्या जागेवर आली. फुस्स.

कुणीतरी मागून ओरडलं, "फुगा फुटला रे!" आन् मांडव हसला. नवरदेवाकडची पोरं हसली, मोठी माणसं हसली. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात ना? दिसले. मला सगळ्यांचे दात दिसले, ओळीनं, पांढरे, धडधाकट.

अप्पाबी हसतच पुढं आले. "काय रे, काय झालं तुला?"

मालकांनी क्लॅरनेट खाली घेतलं. इतक्या दिवसांत कुणापुढं न्हाई उघडलं ते तोंड त्यांनी अप्पांपुढं उघडलं. ओठ रगतानं भरलेला, आन् मधी भगदाड. हसणं बंद पडलं.

"काढा म्हणलं म्हणून काढला," मालक म्हणले.

अप्पांना धक्काच बसला. "शिवकुमारनं? अरे, मग मला नाही का सांगायचं! मी एक फोन केला असता त्याला, ठेवला असता तुझा दात."

आता आमचा मालक म्हणजे उलटून न बोलणारा माणूस. रगत गिळून वाजवणारा. मला वाटलं, म्हणतील आता, "माझंच चुकलं अप्पा, मीच म्हणलं." ते पालुपद ऐकायची माझी तयारी झाली होती. पण त्यांनी उपरण्यानं ओठ पुसला आन् शांतपणे विचारलं,

"तुमच्या दाताला कुणाचा फोन लागला होता, अप्पा?"

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. टोपी बसवलेला तो दात उन्हात लखलखला. मग अप्पांनी ओठ मिटले.

नवरदेवाकडचा एक जण म्हणला, "उशीर होतोय, चला." अक्षरा जागची हलली न्हाई. शालू सावरत ती बँडपाशी आली. तिचं सगळं काजळ पसरलं होतं. म्हणली, "मामा, पुन्हा वाजवा. वरची जागा सोडून द्या. ती मला पाठ हाय."

मालकांनी तिच्याकडं बघितलं, आन् पुन्हा नळी तोंडाला लावली. धून खालून चढत गेली. त्या जागेवर आल्यावर ते थांबले, क्लॅरनेट तोंडातच ठेवून. वाजवलं न्हाई. अक्षराचे ओठ हालले, आवाज काही आला न्हाई. तेवढी जागा गेली, आन् मालक पुढं खाली उतरत आले.

आजवर त्या जागेला मी हमखास रडत आलेय. ह्या खेपेला न्हाई रडले. मी अप्पांकडं बघत होते. एकुलती एक लेक निघाली होती, तिला "सुखानं नांद" म्हणायचं होतं, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघून राहिले होते. पुडा हातात तसाच. गाडी सुरू झाली, वळली, मोंढ्याच्या रस्त्याला लागली. अप्पांनी नुसता हात वर केला. तोंड काही उघडलं न्हाई.